न पेरलेल्या ढगांतली चांदी

पेरणीसाहेबांचा ढगांवर जितका जीव होता तितका माणसांवर नव्हता. ढग निदान सभेत उभे राहून प्रश्न विचारत नाहीत. कार्यालयात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'मेघराज'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं, पण तसं कबूल करायची सोय नव्हती.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. हिवाळ्यात डोंगरावर जे ढग चढतात त्यांत पाणी असतं, पण ते गोठायचं विसरलेलं असतं. शून्याच्या पार खाली गेलं तरी थेंबाचा थेंबच राहतो. त्याला चांदीच्या क्षाराचा बारीकसा कण भेटला की गोठण्याची आठवण होते, थेंबाचा स्फटिक होतो, स्फटिक जड होऊन डोंगरावर उतरतो. उन्हाळ्यात तोच बर्फ वितळून धरणात येतो नि शहराच्या नळांना पाणी येतं. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या वाटेवर असलेल्या घरांच्या अंगणांत लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या. एक टाकी, एक नळी, एक ज्योत आणि वर उंच धुराडं. टाकीत चांदीचं द्रावण असे, ज्याला दरीतले लोक 'औषध' म्हणत. साहेबांचा फोन आला की भट्टी पेटवायची, दुसरा आला की विझवायची.

पहिली भट्टी आक्काच्या अंगणात बसली. आक्का ही साहेबांची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा धाकटा अजून हात धरून चालत होता, त्यामुळे त्याला आई म्हणून आठवायची ती आक्काच. तिनं त्याला वाढवलं, शिकायला शहरात धाडलं, आणि तो शिकूनसवरून परत आला तो हे धुराडं घेऊन. दरीत कुणी ते दारात उभं करू देईना. आक्का म्हणाली, "ठेव माझ्याकडे. आमचे हे दिवसभर चिलीम ओढतात ते चालतं, मग तुझं एक धुराडं काय जड आहे?" आक्कानं ठेवलं म्हटल्यावर दुसऱ्यानं ठेवलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. पुढे चिलीम ओढणारे गेले, धुराडं राहिलं. दरीत आक्काला मान होता तो त्या धुराड्याचा. कुणाच्या भट्टीची नळी तुंबली, कुणाची ज्योत वाऱ्यानं विझली, की पहिला निरोप आक्काला जायचा, मग कार्यालयाला.

दरवर्षी हिवाळा सरला की साहेब जलमंडळापुढे एक रंगीत तक्ता टांगत. त्यात बर्फाच्या मापाच्या निळ्या रेघा असत, आणि त्या वर गेलेल्या असत. खाली गेल्या असतील त्या वर्षी साहेब सांगत, "भट्ट्या नसत्या तर याहून खाली गेल्या असत्या." मंडळी माना डोलवत. रेघ वर गेली तर पेरणीमुळे, खाली गेली तर पेरणी असूनही. असा धंदा ज्याला साधला त्याचं कधी बुडत नाही.

मग नवे अध्यक्ष आले. जाडजूड, झोपाळू डोळ्यांचे गृहस्थ. आधी त्यांनी दवाखाने चालवले होते म्हणे. त्यांनी तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साहेब, पेटवलं नसतं तर किती पडला असता?"

"तेच तर सांगतोय, कमी पडला असता."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

सभेत कुणीतरी खोकलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता असं नाही. सुचला होता, पण चहा येईपर्यंतच टिकला होता.

अध्यक्षांनी विद्यापीठातून एक बाई आणल्या. सडपातळ, हळू बोलणाऱ्या, आणि बोलून झाल्यावर समोरच्याकडे असं बघणाऱ्या की त्याला वाटावं, आपल्याच बोलण्यात काही चूक राहिली. बाई म्हणाल्या, "साहेब, सून घरात आली आणि बरकत आली, की लोक म्हणतात सुनेचा पायगुण. पण त्याच वर्षी शेजारच्या घरातही बरकत आली असेल, तर पायगुण कुणाचा? तुमच्या ढगांचं तसंच आहे. सगळेच ढग पेरत गेलात तर न पेरलेला ढग काय करतो ते कळायचं कसं?"

उपाय त्यांनी सांगितला तो असा. पेरण्याजोगा ढग येतोय हे साहेबांनीच ठरवायचं आणि लिहून द्यायचं. ते लिहून झालं की मगच यंत्रावर नाणं उडवायचं. छापा पडला तर भट्ट्या पेटवायच्या, काटा पडला तर ढग तसाच जाऊ द्यायचा. असे काही हिवाळे करायचं, मग पेरलेल्या ढगांचा बर्फ एका पारड्यात, न पेरलेल्यांचा दुसऱ्यात. नाण्याला ना साहेबांची भीड, ना अध्यक्षांची. कार्यालयानं त्याच दिवशी त्यांचं नाव 'छापाकाटा बाई' ठेवलं.

साहेबांनी मान्य केलं, कारण नाही म्हणण्याचा अर्थ सगळ्यांना कळला असता. शिवाय त्यांचा खरोखरच विश्वास होता. तोंडानं फुशारकी मारणारे पुष्कळ असतात, पण हा माणूस आतूनही तसाच होता, आणि तेच पुढे महागात पडलं.

बाई म्हणाल्या, "भट्टीवाल्यांना एकदा बोलावून नीट समजावून सांगू या का? काही ढग मुद्दाम का सोडायचे ते?"

"त्यांना काय कळणार त्यातलं?" साहेब म्हणाले. "पेटवा म्हटलं की पेटवतील, नको म्हटलं की नाही. माझी माणसं आहेत. मी सांगतो."

आणि त्यांनी दरीत निरोप धाडला : यापुढे फोनवर सांगितल्याशिवाय कुणीही भट्टी पेटवू नये. एवढाच. मंत्र्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना चित्रं काढकाढून ढग समजावणाऱ्या माणसाला आपल्या बहिणीला चार वाक्यं सांगायचा कंटाळा आला.

पहिल्याच हिवाळ्यात असा ढग आला की साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. ओला, जाड, सावकाश चालणारा, हवा तेवढाच थंड. साहेबांनी 'योग्य' म्हणून लिहून दिलं. नाणं उडालं. काटा पडला.

साहेबांनी फोन उचलला. "आक्का, आज नाही."

"का रे? अरे, डोंगर दिसेनासा झालाय. असा ढग मी कितीतरी वर्षांत बघितला नाही. टाकी भरून ठेवलीय."

"नको म्हटलं ना."

"पण का?"

साहेबांचा आवाज दाटून आला होता. पंगतीत पान वाढल्यावर उठवलं तर माणसाचं जसं होतं तसं त्यांचं झालं होतं. ते म्हणाले, "वरून सांगितलंय," आणि फोन ठेवला.

'वरून' हा शब्द सोयीचा असतो. त्यात नाणंही बसतं, बाईही बसतात, अध्यक्षही. ऐकणाऱ्यानं हवा तो बसवावा.

असे हिवाळे गेले. छापा, काटा, काटा, छापा. मापं घेणारे डोंगरावर जात, बर्फात खड्डा खणत, खड्ड्याच्या भिंतीवर एकावर एक बसलेले थर दिसत, प्रत्येक ढगाचा एक. हातमोजे घालून, स्वच्छ चमच्यानं प्रत्येक थराचा नमुना डबीत भरत नि डब्या बाईंच्या प्रयोगशाळेत जात. साहेबांना या चमच्यांची गंमत वाटे. "लोणचं काढताय का?" ते विचारत. त्यांचा डोळा बर्फाच्या जाडीवर होता. नमुन्यांत बाई काय शोधतात याची त्यांनी फारशी चौकशी केली नाही.

शेवटी बाई आल्या. सभेला अजून अवकाश होता. आधी एकट्या साहेबांना भेटायला आल्या, हा त्यांचा चांगुलपणा. दार लावलं, बसल्या.

"साहेब, फरक नाही."

"कशात?"

"पेरलेले आणि न पेरलेले. दोन्हीकडे बर्फ सारखाच. वाऱ्याचा, गारठ्याचा सगळा फरक वजा करून बघितला. सारखाच."

साहेब हसले. माणूस बातमी ऐकून आधी हसतो, कारण रडायला ती आधी खरी मानावी लागते. "कुठेतरी चूक आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आधी तुमच्याकडे आले. नमुन्यांत आम्ही चांदी शोधतो. पेरलेल्या थरात ती सापडली पाहिजे, न पेरलेल्यात नाही. साहेब, न पेरलेल्या थरांतही चांदी आहे. थोडीथोडकी नाही. पेरलेल्याइतकीच."

बाहेर मदतनीस कुणाला तरी फोनवर सांगत होता की साहेब कामात आहेत.

"म्हणजे मी?" साहेब म्हणाले. "तुम्हाला वाटतं मी चोरून पेटवलं?"

"पहिल्यांदा वाटलं होतं," बाई सरळ म्हणाल्या. "मग विचार केला, चोराला एवढं तरी कळतं की चोरी कुठल्या बाजूनं करायची. न पेरायच्या दिवशी पेरून तुमचं नुकसानच झालं. दोन्ही पारड्यांत तेच टाकलं तर काटा हलणार कसा? हे ज्यानं केलं त्याला कसोटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, किंवा तुमच्यावर त्याचा फार जीव होता."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना शोधायचं नव्हतंच. नाव आधीच समोर येऊन उभं होतं.

"मला अहवालात काहीतरी एक लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "पेरणीचा परिणाम नाही, असं. किंवा कसोटीच बिघडली, कुणीतरी न पेरायचे ढगही पेरले, पुन्हा करावी लागेल, असं. दुसरं लिहायचं तर कुणी आणि कसं ते सभेत सांगावं लागेल. नुसत्या चांदीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, निकाल आवडला नाही म्हणून सबब काढली."

"आणि पहिलं लिहिलं तर?"

"तर योजना बंद. पण ते खरं नाही, निदान अजून ठरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः गाडी हाकत दरीत गेले. आक्का अंगणातला बर्फ फावड्यानं ओढत होती. ती आता वाकली होती, पण फावडं मात्र सरळ चालवत होती. भट्टीच्या धुराड्याला तिनं नवा काळा रंग दिला होता.

"ये ये, धाकट्या. रोडावलास. बायको जेवायला घालते का नुसते ढगच खातोस?"

साहेब बसले नाहीत. "आक्का, एक विचारतो. मी नको म्हटलेल्या दिवशी भट्टी पेटवलीस?"

आक्कानं फावडं भिंतीला टेकवलं. तिच्या तोंडावर जे आलं ते साहेबांना अजिबात अपेक्षित नव्हतं. ती लाजली. लहानपणी तिनं भावासाठी खाऊ लपवून ठेवलेला सापडला की अशीच लाजायची.

"कळलं होय तुला! मी म्हटलं, कधी कळू द्यायचं नाही."

"पेटवलीस?"

"पेटवली म्हणजे? एकही ढग सोडला नाही बघ. आणि मीच नाही, सगळ्यांनी. मी प्रत्येकाला निरोप द्यायची, साहेबाचा नको आला तरी पेटवा, मी बसलेय. एक म्हातारा कुरकुरला, तर त्याला म्हटलं, नोकरी माझ्या भावाची जाणार आहे, तुझ्या भावाची नाही."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? तूच म्हणालास ना, वरून सांगितलंय. तुझा आवाज काय मला कळत नाही? रडत होतास तू. मी ओळखलं, नवा अध्यक्ष आलाय, त्याला तुला बुडवायचंय. चांगले चांगले ढग सोडायला लावायचे, बर्फ कमी पडला की म्हणायचं, बघा, साहेबाच्यानं होत नाही. अशी माणसं मी पाहिलीत. म्हटलं, करा काय करायचं ते. आम्ही दरीत आहोत. औषध पुरेना, तर आच बारीक ठेवायची आणि जास्त वेळ जाळायची. रात्र रात्र बाहेर उभी राहिलेय, ज्योत विझू नये म्हणून."

साहेब धुराड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितलं. नाणं, दोन पारडी, काही ढग मुद्दाम सोडायचे ते कशासाठी. इतक्या उशिरा सांगितलं तरी आक्काला पहिल्या दमात समजलं. समजायला अवघड काही नव्हतंच.

"म्हणजे मी घोळ घातला," ती म्हणाली.

"घातलास."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस, मेल्या?"

साहेब म्हणाले, "जाऊ दे. बघतो मी. तुझं नाव कुठे येणार नाही."

"यायला मी काय दरोडा घातलाय?" आक्का म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता. तिनं चहा केला, आणि भावाच्या कपात साखर दोनदा घातली. साहेबांनी तो तसाच पिऊन टाकला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती साहेबांपेक्षा हुशार होती आणि ते न दाखवण्याइतकीही हुशार होती. एवढंच म्हणाली, "बहीण तुमची आहे, शब्द तुम्ही दिलाय. पण उद्या योजना बंद पडली तर दिवसभर घरात बसून तुम्ही माझ्या चहाच्या वाफेचे ढग मोजणार, तेवढं लक्षात ठेवा."

सभेच्या दिवशी साहेब ठरवूनच गेले होते : नाव घ्यायचं नाही. बाईंनी आकडे वाचले, मग चांदीचं सांगितलं. अध्यक्षांनी झोपाळू डोळे वर उचलले.

"कुणी पेटवलं?"

"काही भट्टीवाल्यांनी," साहेब म्हणाले. "गैरसमजातून."

"काही म्हणजे कोण?"

"ते... नेमकं सांगणं कठीण आहे."

"तुमच्या भट्ट्या, तुमची माणसं, तुमचं औषध, आणि पेटवलं कुणी ते तुम्हाला ठाऊक नाही. साहेब, मग दोनच गोष्टी. एक तर तुम्हाला ठाऊक आहे आणि सांगत नाही, नाहीतर तुमचा कारभार मोकाट आहे. यातलं कुठलं लिहू?"

कोपऱ्यातला एक सभासद पुटपुटला, "तिसरंही असेल. स्वतःच पेटवलं असेल." दोघंतिघं हसले.

त्या हसण्यानं झालं. माणूस मोठ्या संकटात पुष्कळदा टिकतो नि किरकोळ हशात घसरतो. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बहिणीनं. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं पेटवल्या. तिनंच सगळ्या दरीला पेटवायला सांगितलं. मला न विचारता."

आणि मग जे झालं त्याची साहेबांनी अपेक्षा केली नव्हती. खोलीतली हवाच पालटली. सख्ख्या बहिणीचं नाव घेणारा माणूस खोटं कसं बोलेल? अध्यक्षांनी पहिल्यांदाच मान डोलावली. मघाशी पुटपुटलेल्या सभासदानं बाहेर पडताना साहेबांचा हात दाबला आणि म्हणाला, "एवढी हिंमत आमच्यात नाही बुवा." साहेबांच्या प्रामाणिकपणाच्या खात्यावर त्या दिवशी घसघशीत जमा झाली. ती कुणाच्या खात्यातून वळती झाली, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. बाई कागद आवरत होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही.

ठराव झाला. कसोटी पुन्हा घ्यायची, आणि या वेळी माणसाच्या हातात काही ठेवायचं नाही. घराघरांतल्या भट्ट्या काढायच्या, डोंगराच्या सोंडेवर कुंपणात यंत्रं बसवायची, ती कार्यालयातून कळ दाबून पेटतील.

आक्काची भट्टी काढायला गाडी आली तेव्हा साहेब गेले नाहीत. मदतनीसाला पाठवलं. त्यानं परत येऊन सांगितलं की आक्कांनी काही त्रास दिला नाही, उलट धुराडं उतरवताना 'डावीकडून धरा, तिथं सांधा सैल आहे' असं सांगितलं. टाकीत औषध उरलं होतं तेही मोजून दिलं.

"काही म्हणाली?"

"विचारत होत्या, सभेत कुणी नाव घेतलं. मी म्हटलं, साहेबांनी." मदतनीसाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सगळं कार्यालय तर साहेबांच्या हिंमतीचंच कौतुक करत होतं.

"मग?"

"मग काही नाही. आत गेल्या."

दरीला मात्र बोलायला पुष्कळ होतं. पुढला हिवाळा कोरडा गेला, आणि कोरड्या हिवाळ्याला कुणीतरी जबाबदार लागतं. पूर्वी ज्या दारांतून आक्काला निरोप येत त्याच दारांतून आता टोमणे येऊ लागले. "शास्त्रापेक्षा शहाणी," कुणी म्हणे. "हिच्यापायी आमच्याही भट्ट्या गेल्या." जो म्हातारा पूर्वी कुरकुरला होता तो सांगत फिरे की मी तेव्हाच म्हटलं होतं. हे एक वाक्य म्हणायला माणसं जन्मभर थांबतात. आक्का कुणाला उत्तर देत नसे. भावाचा फोन आला तर तो वाजू देई.

साहेबांनी तो आणि त्याच्या पुढचा असे दोन हिवाळे यंत्रांपाशी काढले. आता चुकायला जागा नव्हती. कळ दाबली तरच ज्योत, नाहीतर नाही. नमुने आले. न पेरलेल्या थरांत चांदी शून्य. पेरलेल्यांत भरपूर, जिथं हवी तिथं, हवी तेवढी. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की इतकी स्वच्छ कसोटी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"आणि बर्फ?"

"साहेब, फरक नाही. म्हणजे नुसतं नाणं उडवलं तरी जितका फरक इकडेतिकडे पडतो तितकाच."

या खेपेला साहेब हसले नाहीत.

योजना बंद झाली. कुणी वाईट बोललं नाही. अध्यक्षांनी त्यांच्या सचोटीबद्दल दोन वाक्यं बोलून शाल पांघरल्यासारखी ती त्यांच्या अंगावर टाकली, आणि पुढचा विषय घेतला. मदतनीस रंगीत तक्ते गुंडाळून कुठे ठेवू विचारायला आला. साहेब म्हणाले, कुठेही.

मग ते दरीत गेले. इतक्या वर्षांत ज्या ज्या वेळी त्यांचं काही मोडलं होतं, परीक्षा असो, बढती असो, त्या त्या वेळी ते इथंच आले होते. रडायला हक्काचं घर माणसाला एकच असतं. त्याला आपण स्वतः कुलूप घातलंय हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आक्का अंगणात लाकडं फोडत होती. धुराड्याच्या जागी सिमेंटचा चौथरा उरला होता. त्यावर ओंडका ठेवून ती घाव घालत होती. तिनं भावाला पाहिलं, 'ये' म्हणाली नाही, 'जा' म्हणाली नाही.

"बंद केली, आक्का," साहेब म्हणाले.

"ऐकलं."

"सगळं संपलं. इतकी वर्षं..." त्यांचा आवाज दाटला. पूर्वी या आवाजावर आक्का सगळं काम टाकून यायची. त्यांनी वाट पाहिली.

आक्कानं फोडलेली लाकडं बाजूला रचली. "निकाल काय लागला?"

"फरक नाही म्हणतात. पेरला काय, न पेरला काय, बर्फ सारखाच."

"नीट सांग. यंत्रानं पेटवून बघितलं?"

"हो."

"न पेटवताही बघितलं?"

"हो."

"आणि सारखाच?"

"सारखाच."

आक्कानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवली आणि पदराला हात पुसले. ती चिडलेली नव्हती. हिशेब जुळत नसला की ती पूर्वी दूधवाल्याला जशी शांतपणे उभी करायची, तशी ती भावासमोर उभी राहिली.

"म्हणजे मी त्या दिवसांत पेटवलं, त्यानं बर्फात काही फरक पडला नाही."

"तसं म्हणता येईल."

"मी पेटवलं नसतं तरी तुझा निकाल हाच आला असता."

साहेबांनी चौथऱ्यावरची एक ढलपी उचलली आणि परत ठेवली.

"मग मी बिघडवलं काय, धाकट्या?"

"आक्का, तसं नसतं ते. कसोटी म्हणजे... न पेरायचं म्हटल्यावर पेरलं की कसोटीच राहत नाही. निकाल काय येतो तो भाग वेगळा. ते शास्त्र—"

"शास्त्र मला तू एकदा सांगितलंस, तेव्हा मला समजलं होतं. आताही समजतंय. मी एवढंच विचारते. तू चारचौघांत उठून म्हणालास, हिनं बिघडवलं. गावानं दोन हिवाळे माझ्या दारात ते म्हटलं. काय बिघडवलं ते दाखव."

डोंगराकडून ढग उतरू लागला होता. साहेबांची नजर सवयीनं तिकडे गेली. तळ किती खाली आहे, वारा कुठला आहे, हे ते मनात नोंदवू लागले, आणि मग त्यांना उमगलं की आक्का त्यांच्याकडेच बघते आहे, आणि त्यांनी नजर कुठे नेली हे तिनं पाहिलं आहे.

बोलण्यासारखं एकच होतं : सभेत लोक हसले, म्हणून मी तुझं नाव घेतलं. पण ते म्हणायला जी हिंमत लागते ती सभेत ज्या हिंमतीचं कौतुक झालं तिच्याहून वेगळी असते, आणि ती त्यांच्यापाशी नव्हती.

आक्कानं लाकडांचा भारा उचलला. भावानं हात पुढे केला, तो तिनं पाहिला आणि ओलांडला. दारापाशी जाऊन म्हणाली, "घाट निसरडा होईल. अंधाराच्या आत निघ."

आणि आत जाऊन तिनं दार लावलं. आदळलं नाही. वारा होता म्हणून कडी मात्र घातली.